उमेदवाराचे घर आणि आपली जबान

पिंपळे गुरवचे आमदार लक्ष्मण जगताप यांचे 3 जानेवारी 2023 रोजी दीर्घ आजाराने निधन झाले. चिंचवडच्या पोटनिवडणुकीचे मतदान 26 फेब्रुवारीला झाले आणि भाजपच्या उमेदवार होत्या त्यांच्या पत्नी अश्विनी जगताप. मधे फक्त 54 दिवस. आपल्याकडे विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची असते. त्या मुदतीच्या निम्म्याच्याही आत एक स्त्री मते मागायला बाहेर पडली होती. त्या सुमारे 36 हजार मतांनी निवडून आल्या. 2024 च्या विधानसभेसाठी त्यांच्याबरोबर दीर शंकर जगताप यांचेही नाव पुढे आले आणि दीर-भावजयीत पटते की नाही, याच्या बातम्या सुरू झाल्या. उमेदवारी शेवटी शंकर जगतापांना मिळाली आणि ते एक लाखाहून अधिक मतांनी जिंकले.

उमेदवारी एकाची असते, पण चव्हाट्यावर येते ते सगळे घर. चिंचवडमध्ये ही चर्चा घरातल्या नात्यांपुरती राहिली. इतर ठिकाणी ती थेट व्यासपीठावर पोचली.

बारामती आणि संगमनेर

2024 च्या लोकसभेत बारामतीत सुप्रिया सुळे यांच्यासमोर त्यांच्या वहिनी सुनेत्रा पवार उभ्या राहिल्या. प्रचारात 'मूळ पवार' आणि 'बाहेरून आलेले पवार' असा शब्दप्रयोग शरद पवारांनी केला आणि लग्न करून आलेली सून परकी कशी, असा प्रश्न अनेक घरांतल्या सुनांना पडला. पुढे ऑगस्टमध्ये अजित पवारांनी बहिणीविरुद्ध पत्नीला उभे करणे ही चूक होती, असे जाहीरपणे मान्य केले.

संगमनेरची घटना याहून गंभीर होती. ऑक्टोबर 2024 मध्ये धांदरफळ येथे सुजय विखे यांच्या सभेत एका वक्त्याने बाळासाहेब थोरात यांच्या कन्या डॉ. जयश्री थोरात यांच्याबद्दल अत्यंत आक्षेपार्ह विधान केले. जयश्रीताई स्वतः उमेदवार नव्हत्या. वडिलांच्या प्रचाराला फिरत होत्या, इतकेच. तालुक्यात जाळपोळ झाली, गुन्हे दाखल झाले, वक्त्याला अटक झाली. सुजय विखे यांनीही त्या विधानाचा निषेध केला. पण सभेत ते शब्द उच्चारले गेले तेव्हा समोर श्रोते बसलेले होते, हेही विसरता येत नाही.

कायद्याचे कुंपण

टीका पक्षाच्या धोरणांवर आणि कामावर करावी, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर नको, असे निवडणूक आचारसंहिता सांगते. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटे विधान करणे हा लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 123 (4) नुसार भ्रष्ट मार्ग ठरतो. मात्र त्या कलमाचे शब्द उमेदवारापुरते आहेत. पत्नीला, मुलीला किंवा सुनेला बदनामीची किंवा स्त्रीच्या अपमानाची वेगळी फिर्याद द्यावी लागते. तोवर मतदान उरकलेले असते.

याचा अर्थ उमेदवाराच्या घराबद्दल काहीच विचारू नये, असा नाही. प्रतिज्ञापत्रात पती किंवा पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता जाहीर करावीच लागते. मुलाच्या नावावर पालिकेचे कंत्राट आहे का, हा मतदाराचा हक्काचा प्रश्न आहे. मुलीचे लग्न कुणाशी झाले, सून पडदा करते की नाही, हे प्रश्न मात्र मतदाराचे नाहीत. आपल्या वस्त्यांतल्या वॉर्डाच्या निवडणुकीतही नेमके हेच प्रश्न कुजबुजले जातात, हे आपण जाणतो.

इफ्कची घटना

नेत्याला गाठता येत नसेल तर त्याच्या घरावर वार करायचा, ही रीत जुनी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत येण्यापूर्वी तिथल्या सरदारकीचा मुकुट अब्दुल्लाह बिन उबईच्या डोक्यावर चढायचा होता. ते राहून गेले. पुढे बनू मुस्तलिकच्या मोहिमेहून परतताना हजरत आयेशा (रजि.) काफिल्याच्या मागे राहिल्या, तेव्हा याच माणसाने त्यांच्यावरच्या बोहतानाला हवा दिली. जवळपास महिनाभर ती अफवा मदिनेत फिरली. तिला खतपाणी घालणाऱ्यांत काही प्रामाणिक मुसलमानही सापडले.

सूरह नूरमध्ये त्यांचे निर्दोषत्व जाहीर झाले. त्या आयतींत (11 ते 20) फक्त अफवा रचणाऱ्याला नव्हे, ती तोंडोतोंडी नेणाऱ्यांनाही सुनावले आहे. ऐकल्याबरोबर आपल्या माणसांबद्दल चांगले का चिंतले नाही, असा सवाल आहे. जी गोष्ट तुम्हाला क्षुल्लक वाटत होती ती अल्लाहकडे फार मोठी होती, अशी ताकीद आहे.

या घटनेतल्या हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) विशेष लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. त्या सवत होत्या आणि प्रेषितांच्या घरात हजरत आयेशांची बरोबरी करणाऱ्या त्याच होत्या. त्यांची सख्खी बहीण हमना अफवा पसरवणाऱ्यांत होती. पण प्रेषितांनी विचारले तेव्हा त्यांनी आपले कान आणि डोळे जपले आणि आयेशांबद्दल चांगल्याशिवाय काही ठाऊक नाही, अशीच साक्ष दिली. प्रतिस्पर्ध्याच्या घराबद्दल कसे बोलावे, याचा याहून मोठा धडा कोणता?

दुसरे उदाहरण हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरातले. पत्नीने लोक काय म्हणतात ते सांगितले, तेव्हा त्यांनी तिलाच विचारले, तू असे केले असतेस का? नाही म्हटल्यावर, आयेशा तर तुझ्याहून श्रेष्ठ आहेत, असे सांगून त्यांनी विषय तिथेच संपवला.

आपल्या घरात

आज अफवा मोबाइलवर येते. ऐकले ते सगळे पुढे सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरायला पुरेसे, या आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. 'फॉरवर्ड' करणारा बोटही त्यातून सुटत नाही. उमेदवार आपल्या पसंतीचा असो की नसो, त्याच्या घरातल्या बाईबद्दलचा मजकूर आला तर तो पुसावा, पाठवणाऱ्याला सौम्यपणे टोकावे आणि मुलांसमोर तो विषय हसण्यावारी नेऊ नये. सभेत कुणी आया-बहिणींवर घसरला तर टाळी वाजवू नये, उठून यावे. मत कामावर द्यावे. हरणाऱ्या उमेदवारालाही निकालानंतर त्याच घरात परतायचे असते आणि त्याची मुलगी त्याच रस्त्याने शाळेला जाणार असते.