रात्रीची प्रार्थना आणि चितेजवळची प्रार्थना

शीख धर्मात मृत्यूकडे कसं पाहतात, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. आजचा भाग मी पुस्तकातून सुरू करणार नाही, आमच्या चेन्नईतल्या इमारतीतून सुरू करतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक सरदारजी राहायचे. फाळणीनंतर लहानपणी रावळपिंडीहून आलेले. पुढे जनरल पॅटर्स रोडवर त्यांनी मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान चालवलं. तमिळ अस्खलित, आणि माझ्याशी मुद्दाम मोडकं मराठी बोलायचे. नांदेडला अनेकदा जाऊन आलेले ना! ते गेले तेव्हा मी वर धावलो. घरात रडणं होतं, पण हंबरडा नव्हता. त्यांच्या सूनबाई एका कोपऱ्यात बसून पाठ म्हणत होत्या. कोणी त्यांना जमिनीवर उतरवून ठेवलेलं नव्हतं, उशाशी दिवा नव्हता. आपल्याकडचं सगळं पाहिलेला माणूस मी, मला ते घर क्षणभर अपुरं वाटलं.

नंतर कळलं, ते अपुरं नव्हतं, ठरवून तसं होतं. शिखांची आचारसंहिता, म्हणजे रहत मर्यादा, १९४५ मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने कायम केली. त्यात स्पष्ट म्हटलंय की मरणाऱ्याला खाटेवरून खाली घेऊ नये, दिवा, गोदान, पिंड असलं काही करू नये, ऊर बडवून आक्रोश करू नये. पाठ करावा किंवा 'वाहेगुरू' म्हणावं. प्रेताला स्नान घालून, स्वच्छ कपडे चढवून, पाचही ककारांसह न्यावं. अग्नी मुलानेच द्यावा असं नाही, कोणी नातलग किंवा स्नेहीही देऊ शकतो. दिवस असो की रात्र, वेळेचं बंधन नाही.

आणि चितेजवळ म्हणायची प्रार्थना कोणती? कीर्तन सोहिला. आता गंमत बघा, गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही. हीच प्रार्थना प्रत्येक श्रद्धावान शीख रोज रात्री झोपण्याआधी म्हणतो. म्हणजे सरदारजींनी आयुष्यभर जे म्हणून दिवा मालवला, तेच बेझंट नगरच्या स्मशानात त्यांच्यासाठी म्हटलं गेलं. मृत्यूसाठी वेगळी, भीतीदायक भाषाच ठेवलेली नाही. पंजाबीत शीख माणूस गेला की 'अकाल चलाणा' केला म्हणतात, म्हणजे काळाच्या पलीकडे असलेल्याकडे निघून गेला.

यामागचा विचार थोडक्यात सांगतो. जन्म आणि मरण दोन्ही 'हुकमा'त, म्हणजे ईश्वरी आज्ञेत. ती आज्ञा गोड मानून घ्यायची, याला 'भाणा मानणं' म्हणतात. कर्म आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा शीख मानतात, पण त्यातून सुटका विधींनी होत नाही. अडसर असतो 'हउमै'चा, म्हणजे मीपणाचा, आणि तो नामाने, सेवेने आणि शेवटी कृपेने जातो. मुक्ती मेल्यावरच मिळते असंही नाही, जिवंतपणीच मुक्त होता येतं. म्हणून सगळा भर आचरणावर: नाम जपा, कष्टाने कमवा, वाटून खा. मेलेल्यासाठी नंतर काय केलं यापेक्षा तो जगला कसा, हा प्रश्न मोठा.

हे मात्र सरळ रेषेत चालतं असं समजू नका. सरदारजींच्या घरातही वाद झालाच. अस्थी पंजाबात कीरतपूरला, सतलजमध्ये सोडायच्या असा मोठ्या चाचींचा आग्रह. मर्यादेप्रमाणे जवळच्या कुठल्याही वाहत्या पाण्यात चालतं, किंवा राख तिथेच पुरून जमीन सारखी करायची. वर समाधी वगैरे बांधायची नाही. शेवटी अस्थी अड्यारच्या मुखाशी समुद्रात गेल्या. चाची दोन दिवस बोलल्या नाहीत.

मग घरी गुरू ग्रंथसाहिबाचा पाठ सुरू झाला. १४३० पानं, साधारण दहा दिवसांत पुरी करायची. समाप्तीला, म्हणजे भोगाला, आम्ही त्यागरायनगरात जी. एन. चेट्टी रोडवरच्या गुरुद्वाऱ्यात गेलो. डोक्याला रुमाल बांधून खाली बसलो. तिथे 'सद' वाचली गेली. गुरू अमरदासांचे पणतू बाबा सुंदर यांची ही रचना. माझ्यामागे रडू नका, कीर्तन करा, असं गुरूंनी जाताना सांगितल्याचं तीत येतं. तीत पिंड आणि दिवा हे शब्दही आहेत, आणि त्यावर चर्चा होत आली आहे. बहुतेक शीख अभ्यासक ते रूपक मानतात, आणि मला ते पटतं, कारण खुद्द नानकांनी आसा रागातल्या एका पदात दिवा आणि पिंड यांचा अर्थ असाच नामाकडे वळवलाय. मग अरदास, हुकमनामा, आणि कणीक, तूप, साखर समान घेऊन केलेला कडाह प्रसाद.

त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, हे तुम्हाला माहीत असेल. दहा दिवसांच्या त्या पाठात तीही वाचली गेली. चेन्नईत, एका पंजाबी माणसासाठी, पंढरीचा शिंपी!

आता हे सगळं मला इतकं का लागलं, ते सांगतो. माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला कावळा शिवेना. चेन्नईत कावळ्यांना काय तोटा, पण दोन तास एकही खाली उतरला नाही. त्यांची कुठली इच्छा राहिली, यावर पाहुण्यांत कुजबूज सुरू झाली. शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. पण आई ती कुजबूज विसरलेली नाही. आपल्याच हातून काही राहिलं, असं तिला वाटत राहिलं.

भोगाहून परत येताना रिक्षात आई म्हणाली, "माझ्या वेळी कावळ्याची वाट बघत बसू नका. कोणीतरी छान अभंग म्हणा." मी बरं म्हटलं. सांगलीच्या थोरल्या भावाला हे सांगायचं राहिलंय, तो विधींच्या बाबतीत कडक आहे. पण तो हे भाग नेमाने ऐकतो, म्हणजे आता त्याला कळलंच.