विचारून खाल्लेला घास

वेंगन हे स्वित्झर्लंडमधलं छोटं डोंगरगाव. मोटार तिथवर जात नाही. खालच्या लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांवरच्या गाडीनेच वर चढावं लागतं. समोर ४,१५८ मीटर उंचीचं युंगफ्राऊ शिखर उभं असतं. जून महिन्यात आम्ही दोघं, अम्मी आणि दोन मुलं तिथल्या एका हॉटेलात तीन रात्री राहिलो. भाड्यात नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलेलं होतं. बुकिंग करताना ही मोठी सोय वाटली होती. हलालचं तिथे गेल्यावर पाहू, असं म्हणून आम्ही तो विषय पुढे ढकलला, आणि चूक तिथेच झाली.

पहिल्या संध्याकाळी सात वाजता जेवायला बोलावलं. बाहेर लख्ख उजेड होता. जूनमध्ये तिथे मगरिब रात्री साडेनऊच्या सुमारास होते. मेजावर छोट्या शेगडीवर फॉन्ड्यूचं भांडं आलं. वितळलेल्या चीजमध्ये लांब काट्याने पावाचा तुकडा बुडवायचा आणि खायचा. मुलांनी काटे उचललेसुद्धा.

"बेटा, ह्यात काय काय आहे?" अम्मींनी विचारलं.

"दादी, नुसतं चीज आहे. सगळे खातात," थोरला म्हणाला.

आम्ही वाढणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, "व्हाइट वाइन, आणि थोडी किर्श." किर्श म्हणजे चेरीची दारू. शिजताना अल्कोहोल उडून जातं, असंही त्या म्हणाल्या. पण ते पूर्ण उडत नाही. काटे खाली ठेवले गेले. अम्मींनी पाव आणि सॅलडवर रात्र काढली. शेजारच्या मेजावरचे लोक बघत होते. थोरला पुटपुटला, "दर वेळी आपणच का विचारायचं?"

ते आम्हाला लागलं, कारण संकोच आमच्याही मनात होताच. त्या रात्री अम्मी एवढंच म्हणाल्या, "पाहुणा काय खात नाही हे आधी कळलं, तर घरवाल्याचीही अब्रू राहते. आपण गप्प बसलो आणि मग ताट परत केलं, ह्यात त्या बिचाऱ्यांचा काय कसूर?"

सकाळी आम्ही एका कागदावर जर्मनमध्ये लिहून दिलं: डुकराचं मांस आणि चरबी नको, इतर मांसही नको, स्वयंपाकात वाइन नको, जिलेटिन नको. मासे, अंडी, भाज्या चालतील. थोड्या वेळाने आचारी स्वतः बाहेर आले आणि आमच्याशी बोलत बसले. तेव्हा बऱ्याच गोष्टी कळल्या. रोश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचा खरपूस थर. तो कधी बेकनसोबत किंवा डुकराच्या चरबीत परततात. बटाट्याचे फ्राइज निर्धोक वाटतात, पण त्याच तेलात पोर्क श्निट्झेल तळलेलं असू शकतं. माशाच्या सॉसमध्ये वाइन असते, थंड गोड पदार्थांत जिलेटिन.

मांसाची आशा आम्ही धरलीच नव्हती. भूल न देता जनावर कापण्यावर स्वित्झर्लंडमध्ये १८९३ पासून बंदी आहे. हलाल मांस आयात करता येतं, पण लहान गावातल्या हॉटेलात ते मिळेलच असं नाही. मांस कोणत्या देशातलं आहे हे तिथल्या रेस्टॉरंटला सांगावं लागतं. पण त्यावरून ते हलाल आहे की नाही हे कळत नाही.

दुसऱ्या रात्री वेगळ्या तव्यावर लोण्यात परतलेला ट्राउट मासा आणि उकडलेले बटाटे आले. तिसऱ्या रात्री बेकन न घालता केलेली एल्प्लरमाग्रोनेन, म्हणजे मॅकरोनी, बटाटा, साय आणि चीज, सोबत सफरचंदाचा गोड गर. ग्रुयेरसारख्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं आणि त्याबाबत उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. आम्ही ते खाल्लं. अम्मींनी लोण्यातली रोश्टी आणि अंडं मागवलं. कोणी कोणाला टोकलं नाही. शेवटी सर्वांनी मिळून मेरिंग आणि साय खाल्ली.

जाणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच की, बुकिंगच्या वेळीच हॉटेलला लेखी कळवा. नुसता 'हलाल' शब्द लिहून थांबू नका. काय चालतं आणि काय नाही ते एकेक करून लिहा. चीजबद्दल निघण्याआधीच आपल्या आलिमांना विचारून ठेवा.

शेवटच्या रात्री त्याच बाई ताटं ठेवताना आपणहून म्हणाल्या, "यात वाइन नाही." अम्मींनी त्यांना दुआ दिली, भाषा कळली नसेल, पण त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी खाली लाउटरब्रुनेनला धाकट्याने केक मागितला. आम्ही पुढे होण्याआधीच थोरला दुकानदाराला विचारत होता, "यात जिलेटिन किंवा किर्श आहे का?" आवाज अजिबात दबलेला नव्हता.