भरली वाटी समोर, तरी सरडगुहिरा तहानलेला!

पाण्याचं मोल लातूरकरांना शिकवावं लागत नाही. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वेगाडी लातूरला आली, ते दिवस इथे कोणीच विसरलेलं नाही. नांदेडच्या उशाला गोदावरी असली तरी तिथेही उन्हाळ्यात घागर जपूनच रिकामी करतात. याच दोन जिल्ह्यांतल्या बांधांवर आणि बाभळी-बोरींवर एक गडी राहतो. नळ, टँकर, हौद यांच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. हा सरडगुहिरा, म्हणजेच पुस्तकातला शॅमेलिऑन. मोबाइलवर परदेशी व्हिडिओ पाहून ‘आपणही एक पाळू की!’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी त्याच्या तहानेची आणि तब्येतीची ही कुंडली वाचावी.

१. वाटीतलं पाणी? ते काय असतं?
कुत्र्या-मांजरासारखी वाटी भरून ठेवली, तरी शॅमेलिऑन तिच्याकडे बहुधा ढुंकूनही बघत नाही. निश्चल पाणी त्याच्या नजरेत भरतच नाही. त्याला खुणावतो तो पानावरून ओघळणारा, उन्हात चमकणारा थेंब. रानात पावसाचे आणि पहाटेच्या दवाचे थेंब चाटूनच तो तहान भागवतो. म्हणून परदेशात पाळणारे लोक पिंजऱ्यातल्या पानांवर फवारा मारतात, नाहीतर वरून थेंब-थेंब पाणी सोडतात. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ठिबक नवं नाही. या पठ्ठ्याचं तर सगळं पिणंच ठिबकवर!

२. पाणी पितो, पण घाई करायची नाही
दोनदा फुसफुस केलं आणि झालं, असं इथे चालत नाही. पानं ओली झाल्यावर तो आधी बराच वेळ नुसता बघत बसतो, मग सावकाश पहिला थेंब चाटतो. त्यामुळे फवारा काही मिनिटं तरी सुरू ठेवावा लागतो. तोंड उघडून बळेच पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि मदत करायला गेलेला माणूसच त्याच्या जिवावर उठतो.

३. तब्येतीचा रिपोर्ट विष्ठेत
सरडे आणि पक्षी पाणी वाचवण्यासाठी मूत्राऐवजी युरिक आम्लाचा घट्ट गोळा टाकतात. शॅमेलिऑनच्या काळसर विष्ठेबरोबर हा गोळा दिसतो. तो पांढरा असेल तर पाणी पुरेसं आहे. पिवळा किंवा नारिंगी झाला, तर शरीर कोरडं पडू लागलंय. बुरुजासारखे बाहेर आलेले डोळे खोल गेले, तर प्रकरण त्याहून गंभीर समजायचं. प्रयोगशाळा नको, फक्त घाण साफ करताना नाक मुरडू नका!

४. फार लाड केले, तर छातीत सर्दी
मग दिवसभर फवारा सुरूच ठेवू, असं म्हणाल तर तेही नको. सतत ओल्या, कोंदट, हवा न खेळणाऱ्या काचपेटीत शॅमेलिऑनला श्वसनमार्गाचा संसर्ग होतो, कातडीवर बुरशी येते. त्याला ओल हवी तसा मधेमधे कोरडेपणाही हवा. म्हणून जाणकार बहुतेक जातींसाठी जाळीचा, उंच पिंजरा पसंत करतात. आपला सरडगुहिरा तर मुळातच कोरड्या झुडपी रानाचा रहिवासी.

५. खिडकीतलं ऊन बिनकामाचं
‘आमच्या खिडकीत छान ऊन येतं’ हा युक्तिवादही टिकत नाही. हाडं बळकट ठेवणारं ड-३ जीवनसत्त्व शॅमेलिऑनच्या शरीरात तयार होतं, ते उन्हातल्या यूव्ही-बी किरणांमुळे. खिडकीची साधी काच हे किरण जवळपास अडवूनच टाकते. मग कॅल्शियम पोटात जाऊनही अंगी लागत नाही, पाय वाकतात, जबडा मऊ पडतो. परदेशात यासाठी खास दिवे लावतात आणि खायच्या किड्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरतात. इथल्या बाभळीवर हा दिवा रोज सकाळी फुकट लागतो.

६. थुंकी आपल्यापेक्षा ४०० पट चिकट
ब्रुसेल्सच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मोजलं, तर शॅमेलिऑनच्या जिभेवरचा चिकट द्राव माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट दाट निघाला. त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या अभ्यासात बोटाएवढ्या एका आफ्रिकी जातीची जीभ शरीराच्या अडीचपट लांब गेली, तीही गुरुत्वाकर्षणाच्या २६४ पट त्वरणाने. नाकतोड्याला ‘अरे!’ म्हणायलाही फुरसत मिळत नाही. एरवी अचूक असलेला हा नेम वारंवार चुकू लागला, तर जनावर आजारी असण्याची शक्यता मोठी.

७. रंग बदलतो, पण राजकारणासाठी नाही
पुढाऱ्यांना आपण सरड्याची उपमा देतो, त्यात अपमान सरड्याचाच होतो. जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं, की शॅमेलिऑनच्या कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातलं अंतर बदललं की परावर्तित होणारा रंग बदलतो. मागच्या भिंतीशी जुळवून घेण्यापेक्षा राग, भीती, प्रणय आणि तापमान यांच्यासाठीच हा खेळ जास्त. थंडीत ऊब शोषायला तो गडद होतो, उन्हाच्या तडाख्यात फिकट पडून तोंड वासून बसतो. ऊब पुरेशी असतानाही दिवसभर काळवंडलेला दिसला, तर तो वैतागलेला आहे किंवा आजारी.

८. शेजारी नको, पाहुणे नको
दोन डोळे दोन दिशांना स्वतंत्र फिरतात, त्यामुळे मान न हलवताही जवळपास चहूबाजूंचं दिसतं. बाहेरून कान मात्र नाहीत आणि ऐकूही फारसं येत नाही. म्हणजे लाडाची हाक वाया, आणि वरून उचलायला आलेला हात मात्र शिकारी पक्ष्यासारखा स्पष्ट दिसतो! एका पिंजऱ्यात दोघांना ठेवलं, तर नजरेसमोरचा प्रतिस्पर्धी हटत नाही, तणावाने खाणंपिणं सुटतं. ‘जोडी लावून देऊ’ हा घरगुती उपाय इथे अंगाशी येतो.

९. बाळंतपणाला माती लागते
अंडी घालायला मादी झाडावरून खाली उतरते, जमीन उकरते, अंडी पुरून बीळ बुजवते. पिंजऱ्यात पुरेशी खोल, किंचित ओलसर माती नसेल, तर ती अंडी अडवून धरते आणि त्यात जीवही गमावू शकते. नर न भेटताही काही जातींच्या माद्या अंडी घालतात. तेव्हा ‘आमची एकटीच आहे’ म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

१०. हवाईतला महागात पडलेला दवाखाना
१९७२ मध्ये केनियातून हवाई बेटांवरच्या एका दुकानदाराकडे तीन शिंगांचे जॅक्सन शॅमेलिऑन आले. प्रवासात ते सुकले, रोडावले होते. ताजेतवाने होऊ देत म्हणून त्याने ते परसात सोडले. ते झाले ताजेतवाने, आणि निघून गेले! आज त्यांचे वंशज तिथल्या अनेक बेटांवर पसरलेत आणि स्थानिक किडे-गोगलगायी फस्त करताहेत. खरा उपचार परसातल्या झाडांनीच केला, बिल मात्र बेटांना आलं.

११. विष नाही, तरी शिक्षा
‘थुंकला तर मरण’ वगैरे ऐकून गावोगाव सरडगुहिऱ्याला दगड खावे लागतात. त्याला विष मुळीच नाही. फुसकारतो, अंग फुगवतो, फार छेडलं तर चावतो, एवढंच. उलट तुरीच्या-सोयाबीनच्या बांधावरचे नाकतोडे आणि अळ्या तो बिनपगारी खातो. फवारलेले किडे खाऊन त्यालाच विषबाधा होऊ शकते, ही गोष्ट वेगळी.

१२. पाळायचाय? आधी कायदा वाचा
भारतात रानात आढळणारी शॅमेलिऑनची जात एकच, आणि ती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. तिला पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा. परदेशी जातीही ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. अशा यादीतले प्राणी घरी असतील, तर २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार त्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदार ‘कागद नंतर देतो’ म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा.

१३. रस्त्यात भेटला तर
तो डुलत डुलत, एक पाय पुढे एक मागे करत रस्ता ओलांडतो, आणि मोटारसायकल काही डुलत नाही. सुरक्षित असेल तर आधी रहदारी थांबवा. हातात न धरता एक काडी समोर करा, तो स्वतःच चढेल. ज्या दिशेला निघाला होता, त्याच बाजूच्या झुडपावर उतरवा. जखमी किंवा मलूल असेल तर सावलीत, हवेशीर खोक्यात फांदीसकट ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. शेपटी ओढू नका. पालीसारखी ती तुटून परत येत नाही.

१४. एक आकाशातही आहे
सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच दर्यावर्दींच्या नोंदींवरून दक्षिण ध्रुवाजवळच्या एका तारकासमूहाला ‘शॅमेलिऑन’ नाव मिळालं. तो इतका दक्षिणेला आहे, की नांदेड-लातुरातून कधीच क्षितिजावर येत नाही. तो बघायचा तर विमानाचं तिकीट काढून विषुववृत्त ओलांडा. बांधावरचा बघायला तिकीट नाही, पिंजरा नाही, फवाराही नाही. फक्त बांधावरची बाभूळ तोडू नका, त्याचं पाणी-दाणा, ऊन आणि दवाखाना सगळं ती सांभाळते.