वेताळाच्या वहाणा

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा एक महाकोश घडतो आहे. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. शब्द कोणत्या ग्रंथात कोणत्या अर्थाने आला, काळाबरोबर तो अर्थ कसा सरकला, याची ती मांडणी. हीच चिकाटी कुणी संशोधकाने एका चित्रकथेतल्या नावासाठी दाखवावी, असे मला फार वाटते. ते नाव वेताळ.

ली फॉक यांचा 'फँटम' १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वृत्तपत्रात अवतरला. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले आणि पहिले ३२ अंक त्यालाच दिले. १९९० मध्ये मालिका थांबली तोवर आठशेहून अधिक अंक निघाले होते. मराठी मुलांना हा मुखवटेधारी 'वेताळ' म्हणून भेटला, बंगाली मुलांना 'अरण्यदेव' म्हणून. एकाच चित्राला दोन भाषांनी दोन वेगळी दैवते दिली.

मराठी नाव केवढे चपखल बसले ते पाहा. मूळ कथेत फँटमला 'चालणारे भूत' म्हणतात. बापामागे मुलगा तोच मुखवटा चढवतो, म्हणून लोकांना तो अमर वाटतो. आपल्याकडे वेताळ हा भुतांचा राजा, आणि गावाचा राखणदारही. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. देव रात्री गावाभोवती फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. पुण्याच्या वेताळ टेकडीवरही त्याचे ठाणे आहे. 'वेताळपंचविशी' तर घराघरांत ठाऊक. हा परदेशी नायक मराठीत पाऊल टाकण्याआधीच त्याच्या वहाणा इथे तयार होत्या.

अनुवादाबरोबर नावांत फेरफारही झाले. मूळचा 'बंगाला' देश इंद्रजालमध्ये 'डेंकाली' झाला, सिंग चाचे 'सिंगा' झाले, रामा नावाचा खलनायक 'रामालू' झाला. बंगाल, सिंग आणि राम ही नावे इथल्या वाचकाच्या कानाला कशी लागतील, याचा विचार त्यामागे उघड दिसतो. फँटमच्या बुटक्या मित्रांच्या टोळीचे मूळ नाव 'बांदार'. हिंदी कानाला त्यात माकड ऐकू येते, मराठी कानाला जहाजे लागण्याची जागा.

बाहेरच्या देशांतही प्रत्येकाने आपापला फँटम घडवला. ऑस्ट्रेलियात फ्रू प्रकाशन १९४८ पासून त्याचे अंक काढते. स्वीडनमध्ये १९५० पासून 'फँटोमेन' निघते. पुढे तिथल्या संपादकांनी स्वतःच नव्या कथा लिहवून घेतल्या. अमेरिकेत त्याचा पोशाख जांभळा, स्वीडनमध्ये निळा, इटली आणि ब्राझीलमध्ये तांबडा. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ वाह्गी खोऱ्यात तर योद्ध्यांनी आपल्या ढालींवर फँटम रंगवला. मरण नसलेला वीर ढालीवर असावा, हे लढणाऱ्या माणसाला सहज पटले.

यातला अवघड प्रश्न टाळता येत नाही. जंगलातल्या काळ्या माणसांचे रक्षण पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा माणूस करतो, ही या कथेची घडण आहे. स्वतंत्र भारतातल्या मुलांना ती खुपली का नाही? माझ्या मते याचे बरेचसे उत्तर नावात आहे. 'वेताळ' म्हटल्याबरोबर त्या गोऱ्या माणसाला आपल्या गावदेवाची पुण्याई मिळाली, आणि त्याला प्रश्न विचारण्याची गरजच उरली नाही. अनुवादाचे हे मोठे यश आहे आणि त्याच्यावरची मोठी जबाबदारीही.

एखाद्या चित्रकथेचे देशोदेशी काय झाले, हा पीएच.डी.ला पुरेल असा गंभीर विषय आहे. त्यासाठी मराठी, हिंदी, बंगाली अंक शेजारी ठेवून चौकटीमागून चौकट ताडून पाहावी लागेल. ज्यांनी ते अंक लहानपणी वाचले, त्या आज साठी-सत्तरीत असलेल्या वाचकांशी सावकाश बोलावे लागेल. ती पिढी आहे तोवरच हे काम होईल.

म्हणून वाचकांना एक विनंती. या दिवाळीत माळा आवराल तेव्हा इंद्रजालचा फाटका मराठी अंक सापडला, तर तो रद्दीत घालू नका. त्यावर आपले गाव आणि वाचल्याचे साल लिहा आणि जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या. उद्याच्या कोशाची ती पहिली चिठ्ठी असेल.