खुनी कोण, ते मोलकरणीला विचारा

वाचनालयातून आणलेले पुस्तक उशाशी घेऊन झोपणाऱ्या आपल्यात कमी नाहीत. कुणाला प्रेमकथा लागते, कुणाला रहस्यकथा. मोठे वाचक त्याला ‘हलकेफुलके’ म्हणून नाक मुरडतात. मुरडू देत. दिवसभर राबून आल्यावर तासभर डोक्याला विसावा मिळाला तर बिघडले कुठे? पण अलीकडे नवा लेखक हाती आला की मी एक गोष्ट आधी बघते. या कथेत चहाचा ट्रे घेऊन येणारी बाई कोण, आणि लेखकाने तिला नाव तरी दिले आहे काय?

बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड आपल्या वडीलधाऱ्यांनी रात्र रात्र जागून वाचले. इंग्रजीत रहस्यकथेचा एक घरगुती प्रकारही आहे. त्यात खून होतो, पण रक्तामांसाची वर्णने नसतात. गाव लहान, माणसे ओळखीची आणि छडा लावणारे शेजारपाजारचेच कुणीतरी. अगाथा ख्रिस्तीबाईंची मिस मार्पल ही या प्रकारातली सर्वांची आजी. १९५३ च्या ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ या कादंबरीत ग्लॅडिस नावाच्या मोलकरणीचा जीव जातो. मिस मार्पलनेच तिला घरकाम शिकवलेले असते, म्हणून ही म्हातारी संतापून धावून येते. ख्रिस्तीबाईंना कळवळा नव्हता असे नाही. पण ग्लॅडिस भाबडी, सहज फसणारी. डोके चालवायचे ते मिस मार्पलने!

हा डाव उलटवला तो बार्बरा नीली या अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिकेने. १९९२ साली त्यांची ‘ब्लांच ऑन द लॅम’ ही पहिली कादंबरी आली. नायिका ब्लांच व्हाइट. नाव नि आडनाव दोन्हींचा अर्थ ‘पांढरी’, आणि बाई काळीकुट्ट, अंगाने भरलेली, चाळिशीची, धुणीपुसणे-स्वयंपाक करून पोट भरणारी. मेलेल्या बहिणीची दोन मुले तीच वाढवते आहे. मालक मंडळी पगार न देताच गावाला निघून जातात, हिने दिलेले चेक वटत नाहीत आणि न्यायाधीश तीस दिवसांची कैद ठोठावतो. ब्लांच कोर्टातूनच पळते आणि एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाच्या घरी कामवाली म्हणून लपते. तिथेच मुडदे पडू लागतात.

तिच्या हाती ना भिंग ना पिस्तूल. तिचे हत्यार एकच, मालकांना ती दिसतच नाही. ती समोर भांडी आवरत असताना ते मृत्युपत्राचे बोलतात, भांडतात, खोटे बोलतात. कुणाची चादर चुरगळली, कुणी जेवण टाकले, कोणत्या खोलीला कुलूप लागले, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक? आपल्यापैकी कितीजणींच्या आयांनी चार घरची धुणीभांडी केली! त्या घरांतली कोणती गोष्ट त्यांच्यापासून लपली होती, ते त्यांनाच विचारा. मालकांचे आपल्यावर प्रेम आहे असे मानणाऱ्या नोकरांना एक रोगच जडलेला असतो, असे ब्लांचचे मत आहे, आणि त्या रोगाला तिने नावही ठेवले आहे. त्या पानांवर मी हसले, आणि मग जरा गप्पही झाले.

नीलीबाई काही केवळ टेबलाशी बसून लिहिणाऱ्या नव्हत्या. पेनसिल्व्हेनियात शिक्षा झालेल्या स्त्रियांसाठी वस्तीत राहून सुधारण्याचे केंद्र त्यांनी चालवले होते. घरगुती रहस्यकथांसाठी दिला जाणारा अगाथा पुरस्कार या पहिल्याच पुस्तकाला मिळाला.

दुसरे पुस्तक १९९४ चे, ‘ब्लांच अमंग द टॅलेन्टेड टेन्थ’. हे मला सर्वांत जवळचे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ साली याच ‘टॅलेन्टेड टेन्थ’ नावाचा निबंध लिहिला होता. समाजातल्या शिकलेल्या दहाव्या हिश्श्याने बाकीच्यांना वर न्यावे, असा त्याचा रोख. हेच ते ड्यू बॉइस, ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र पाठवून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली होती. नीलीबाई ब्लांचला नेतात ती समुद्रकाठच्या, उजळ कातडीच्या श्रीमंत काळ्या लोकांच्या विश्रामस्थळी. माणसे आपलीच, पण हिच्या काळ्या रंगाकडे बघून तोंड फिरवणारी. आणि खुनाच्या तपासापेक्षाही मोठा घोर तिला लागतो, तो हाताखाली वाढलेली पोर आपल्या रंगाला लाजू लागल्याचा. वर गेलेल्यांनी खाली कसे बघावे, हा वाद आपल्याही घरांत नवा नाही.

प्रेमकथेच्या दुनियेतही दार असेच ढकलावे लागले. डेल प्रकाशनात व्हिव्हियन स्टीफन्स या कृष्णवर्णीय संपादिका होत्या. त्यांनी १९८० मध्ये ‘एन्ट्वाइन्ड डेस्टिनीज’ छापली. लेखिका एल्सी वॉशिंग्टन, टोपणनाव रोझालिंड वेल्स. नायक-नायिका दोघेही काळे, शिकलेले, कमावते, आणि त्यांच्या वाट्याला फक्त प्रेम! १९९४ मध्ये ‘अरबेस्क’ ही अशा कादंबऱ्यांची स्वतंत्र मालाच निघाली. अमेरिकेतील प्रेमकथाकारांची संस्था उभारण्यातही स्टीफन्सबाईंचा हात होता. पण त्याच संस्थेचा १९८२ पासून चाललेला पुरस्कार कृष्णवर्णीय लेखिकेला मिळायला २०१९ साल उजाडले. केनेडी रायन यांची ‘लाँग शॉट’ ही त्या वर्षीच्या मानकऱ्यांपैकी एक. आजची लेखिका हवी असेल तर जास्मिन गिलोरी घ्या. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या या बाईंची ‘द वेडिंग डेट’ (२०१८) अडकलेल्या लिफ्टमधल्या भेटीने सुरू होते. वाचायला सोपी आहे, कॉलेजच्या मुलींना चालेल.

ब्लांचची पुस्तके चारच. ती क्रमाने वाचा. इंग्रजी बोलीतले आहे, पहिली वीस पाने अडखळायला होते, पुढे नाही. तिसरे ‘ब्लांच क्लीन्स अप’ १९९८ चे, त्यात बोस्टनच्या राजकारण्याचे घर आहे. चौथे ‘ब्लांच पासेस गो’ २००० चे. कामावर असताना एका गोऱ्या माणसाने तिच्यावर बलात्कार केला होता, आणि तिचे कोण ऐकणार म्हणून ती गप्प राहिली होती. याची खूण पहिल्याच पुस्तकात आहे. तो हिशेब लेखिकेने आठ वर्षे राखून ठेवला आणि चौथ्यात उघडला. अमेरिकेच्या रहस्यकथाकार संघटनेने २०२० सालचा ‘ग्रँड मास्टर’ हा सर्वोच्च मान नीलीबाईंना जाहीर केला. त्याच वर्षी मार्च महिन्यात त्या वारल्या. पाचवे पुस्तक नाही.