गिंडीत फिरा, राज्यघटना बघा!

चेन्नईला गेलात की थेट मरिना बीच गाठू नका. आधी गिंडी! इथल्या सरदार पटेल रोडवर केंद्र आणि राज्य शेजारी-शेजारी नांदतात. अधूनमधून कडाकडा भांडतातही!

सुरुवात स्टेशनपासून. लोकल ट्रेन केंद्राची. मेट्रो? फिफ्टी-फिफ्टी पार्टनरशिप! आणि चौकात शिट्टी फुंकणारा ट्रॅफिक पोलीस शंभर टक्के राज्याचा.

आयआयटी मद्रास राज्यघटनेतल्या केंद्राच्या सूचीत, अण्णा विद्यापीठ मात्र राज्याचं. त्याच्या आवारातल्या इंजिनिअरिंग कॉलेजचं मूळ १७९४ सालच्या सर्व्हे स्कूलमध्ये आहे. तेव्हा पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते, बोला!

माहीत आहे का, गिंडीच्या चितळांनी आणि काळविटांनीही 'पक्षांतर' केलंय? वन्यजीव हा विषय आधी राज्यसूचीत होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. म्हणजे कायदे दोघांनीही करायचे, टक्कर झाली तर सहसा केंद्राची सरशी. शिक्षणही त्याच गाडीत बसून गेलं. दोनच वर्षांनी राजभवनाच्या जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालं. आकार जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटर!

आता राज्यपालांच्या निवासस्थानाचं, म्हणजे पूर्वीच्या राजभवनाचं गेट. इथला सगळ्यात फिल्मी सीन १९९१ चा. तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी यांचं सरकार बरखास्त करायचं दिल्लीने मनावर घेतलं, पण राज्यपाल सुरजितसिंग बर्नाला अहवालच पाठवेनात! अडलं का? छे! राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ म्हणतं, राज्यपालांच्या अहवालावरून 'किंवा अन्यथा'. त्या 'अन्यथा'च्या चोरदरवाजाने सरकार गेलं. बर्नालांची बदली बिहारला झाली, त्यांनी सरळ राजीनामा दिला. आणि क्लायमॅक्स? २००४ मध्ये तेच बर्नाला पुन्हा राज्यपाल म्हणून गिंडीत हजर!

पुढे १९९४ च्या बोम्मई निकालात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी ३५६ ला लगाम घातला. संघराज्य हा घटनेच्या मूलभूत चौकटीचाच भाग ठरला.

१५ ऑगस्टला मंत्रालयावर झेंडा मुख्यमंत्री का फडकवतात, माहीत आहे का? थँक्यू, करुणानिधी! हा मान पूर्वी राज्यपालांचा. करुणानिधींनी इंदिरा गांधींकडे आग्रह धरला आणि १९७४ पासून देशभरच्या मुख्यमंत्र्यांची सोय झाली. २६ जानेवारी मात्र राज्यपालांकडेच.

एकाच माणसाला दोन राज्यांचं राज्यपालपद? १९५६ पासून चालतं! महाराष्ट्राचे राज्यपाल विद्यासागर राव यांनी २०१६-१७ मध्ये तामिळनाडूही सांभाळलं. एक पाय मलबार हिलवर, दुसरा गिंडीत.

आणि ताजा मसाला! तामिळनाडूची दहा विधेयकं राजभवनात अडकली, बरीचशी कुलगुरूंच्या नेमणुकीची. ८ एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी ती 'संमत झाली असं समजा' म्हटलं, राज्यपालांना मुदतही आखून दिली. मग राष्ट्रपतींनी कोर्टालाच १४ प्रश्नांचा पेपर दिला! २० नोव्हेंबरला पाच न्यायाधीशांच्या पीठाने उत्तरं लिहिली. प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश, आपल्या अमरावतीचे भूषण गवई. पीठ म्हणालं, कोर्टाने मुदत घालू नये, 'संमत समजा'ही चालणार नाही. पण राज्यपालांनाही विधेयकावर बेमुदत बसून राहता येणार नाही. तसे ते बसलेच, तर 'काहीतरी निर्णय घ्या' एवढंच कोर्ट सांगू शकतं. कोणता घ्यायचा, ते नाही!