हिरव्या तेजाचे तीन धनी

भाद्रपद सरून आश्विन लागला, की जव्हार-मोखाड्याच्या माळांवर खुरासणी पिवळीधमक फुलते, आणि त्याच दिवसांत घरापुढील तुळशीच्या मंजिऱ्यांवर पाचूच्या कणीसारखे लखलखणारे कीटक घिरट्या घालू लागतात. त्यांच्याविषयी रूढ असलेल्या काही समजुती तपासून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : हिरवी चमकते ती घाणीवरचीच माशी.
वस्तुस्थिती : हे तेज रंगद्रव्याचे नसून कवचाच्या अतिसूक्ष्म थरांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे असल्यामुळे माशी, मधमाशी व गांधीलमाशी या तिन्ही कुळांत ते आढळते, आणि म्हणून ओळखीच्या कामी केवळ रंगाची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. माशीला पंखांची एकच जोडी, शृंगिका अगदी आखूड. मधमाशीला दोन जोड्या असल्या तरी मागचे पंख पुढच्यांत आकड्यांनी अडकलेले असल्याने ते सहसा वेगळे दिसत नाहीत, तेव्हा कोपरासारख्या वाकलेल्या लांब शृंगिकाच पाहाव्यात. शिवाय हिरवी माशीही सर्वस्वी निरुपयोगी नव्हे. आंब्याच्या मोहोरावर परागणाचे काम तीही करते.

गैरसमज : निळसर-हिरवी गांधीलमाशी डंख मारते.
वस्तुस्थिती : कुडाच्या भिंतीवरील कुंभारीण माशीच्या मातीच्या घरट्याभोवती घुटमळणारी, अंगभर बारीक खळगे असलेली ही गांधीलमाशी, कोकिळेने कावळ्याच्या घरट्यात अंडे घालावे तशी, परक्या घरात अंडे घालते, डिवचली असता ती डंख न मारता अंगाची गोळी करून पडते. फुलावर ती मधुरसासाठी येते, पराग साठवण्यासाठी नव्हे.

गैरसमज : जिचे पोळे नाही, ती मधमाशीच नव्हे.
वस्तुस्थिती : तुळशीवरची तांदळाच्या दाण्याएवढी हिरवी मधमाशी, जिला शास्त्रज्ञ सेराटिना म्हणतात, एकेकटी राहते, घाणेरीसारख्या झुडपाच्या मोडलेल्या, वाळक्या काडीतील भेंड पोखरून ती आत परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडे घालते, आणि भेंडाच्याच भुश्याचा पडदा घालून पुढच्या खोलीच्या बांधणीस लागते.

खुरासणीच्या झाडाला स्वतःच्या परागाने बी सहसा धरत नाही. एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेणारे या मधमाशीसारखे कीटक हेच त्या पिकाचे खरे कारभारी. यास्तव बांधावरच्या वाळक्या काड्या सरसकट जाळण्यापूर्वी, मोडक्या टोकाशी बारीक गोल भोक दिसते का, एवढे पाहावे. दिसले, तर त्या काडीत एक अख्खे कुटुंब वाढत असेल, आणि ती काडी तिथेच राहू द्यावी.